खाटपे म्हणाले, ओढ

रविवारी सकाळी नऊ ते बारा या वेळात साईनाथ खाटपे यांना वर बोलवायचं नाही, असा आमच्या इमारतीत अलिखित नियमच होता. कोथरूडला डहाणूकर कॉलनीच्या मागच्या बाजूला आमची ही पाच मजली सोसायटी. ते तीन तास खाटपे खाली पार्किंगमध्ये आपल्या मोटरसायकलपाशी बसलेले असत. जमिनीवर जुनी चादर, चादरीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेली हत्यारं, आणि शेजारी चहाचा कप. तो चहा बहुतेक वेळा गार होऊन तसाच वर जायचा.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन मला सात वर्षं झाली. त्यांची बायको तनुजा एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. ती मला ताई म्हणते, म्हणून खाटपेही ताई म्हणत.

खाटपे मूळचे मुळशीकडचे. वडील गेनबा भातशेती करायचे. थोरला भाऊ शेतीत राहिला, धाकट्या साईनाथनं आयटीआय केलं, फिटर झाला आणि भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चिकटला. तीस वर्षं तिथंच. रोज कोथरूड ते भोसरी मोटरसायकलवर, ऊन असो की धो धो पाऊस. सर्व्हिसिंगला गाडी त्यांनी कधी टाकली नाही. दुसऱ्याचा हात गाडीला लागलेला त्यांना चालत नसे.

हल्लीच्या गाड्यांना स्क्रू कमी आणि प्लॅस्टिकच्या क्लिपा जास्त. त्या घाईत काढल्या की तुटतात आणि मग कव्हर खडखड वाजत राहतं. अशा खडखडणाऱ्या गाड्या घेऊन सोसायटीतले लोक रविवारी खाटप्यांकडे यायचे. एकदा माझ्या स्कूटरचं पुढचं कव्हर काही केल्या निघेना. मी म्हटलं, तोडून टाका, नवीन घालू. खाटप्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाऊण तास ते त्या कव्हराच्या कडेनं नुसती बोटं फिरवत होते. मग कुठंतरी दाबलं, थोडं सरकवलं आणि कव्हर हातात आलं. मी कौतुक केलं तर म्हणाले, "ताई, निघत नाही म्हणजे आपण चुकीच्या बाजूनं आलोय. बाकी काही नसतं."

एवढं बोलणं म्हणजे त्यांच्या हिशेबानं भाषण झालं. बोलायला ते कमीच होते.

मागच्या वर्षी श्रावणातल्या एका मंगळवारी त्यांची कारखान्यात पहिली पाळी होती. पहाटे उठून आंघोळ केली, शर्ट घातला आणि बटणं लावता लावता हात थांबला. स्वयंपाकघरातून तनुजानं विचारलं, डब्यात लोणचं घालू का. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मग बाहेर येऊन बघते तर खाटपे पलंगाच्या कडेला बसलेले आणि शर्टाच्या बटणाकडे एकटक बघत होते. ओठ एका बाजूला उतरला होता. तिनं माझं दार वाजवलं तेव्हा तिच्या हातात लोणच्याचा चमचा तसाच होता.

एकोणीस दिवस दवाखान्यात काढले. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत ओढत का होईना चालायला लागला. बोलणं मात्र गेलं. सगळंच गेलं असं नाही. एक शब्द राहिला, "तेच". पाणी हवंय का, तेच. पंखा बंद करू का, तेच. मुलगी स्वराली हैदराबादला नोकरीला आहे, तिचा फोन कानाला लावला की तिलाही तेच. ती तिकडे रडायची आणि हे इकडे, "तेच, तेच".

त्यातली विचित्र गोष्ट अशी की संध्याकाळी तनुजानं दिवा लावून आरती सुरू केली की खाटपे तिच्याबरोबर ती अख्खी म्हणायचे. एक अक्षर चुकायचं नाही. एक ते शंभर आकडेही म्हणायचे. आणि आरती संपल्यावर पाणी हवं असेल तर तांब्याकडे बोट दाखवत, "तेच". त्यांची मोठी बहीण तुळजाबाई गावाकडून भेटायला आली होती, ती आरती ऐकून चकित झाली. तनुजाला म्हणाली, "बोल तर हाय की तोंडात याच्या. मग आपल्याशीच का बोलंना ह्यो?" तनुजानं तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला, की पाठ असलेलं डोक्यात वेगळ्या जागी असतं आणि मनातलं बोलणं वेगळ्या. तुळजाबाईला ते पटलं नाही. मला वाटतं, तेव्हा ते तनुजालाही पुरतं पटलेलं नव्हतं.

बोलायचं शिकवायला प्रियदर्शनी नावाची एक तरुण मुलगी बुधवारी आणि शनिवारी घरी यायची. चित्रं दाखवायची, कप, चावी, घड्याळ, आणि नावं म्हणून घ्यायची. हळूहळू पाच-सात शब्द आले, पण वेळेला येतील याचा नेम नव्हता. चावीला घड्याळ म्हणत आणि म्हटल्यावर चुकलं हे त्यांना लगेच कळे. ते कळणं चेहऱ्यावर दिसायचं. फेब्रुवारीच्या सुमारास प्रियदर्शनी तनुजाला म्हणाली, या चित्रांचा त्यांना कंटाळा आलाय. त्यांच्या हाताला जे काम येत होतं त्याच्याजवळ त्यांना बसवा, कधी कधी शब्द हातामागून येतात.

तनुजाच्या डोक्यात लगेच मोटरसायकल आली. गाडी श्रावणापासून खाली उभी होती आणि आता सुरूच होत नव्हती. पहिल्या मजल्यावरचा संतोष म्हणाला होता, की टाकीतलं जुनं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये सुकून चिकटा झाला असेल, तो भाग उघडून धुतला की सुरू होईल. स्वरालीचं मत होतं की गाडी विकून टाकावी. तनुजा मला म्हणाली, "ताई, ते सांगतील आणि मी करीन. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणजे त्यांना सांगावंच लागेल." मला ही युक्ती फार आवडली. मी म्हटलं, मी बॅटरी धरते.

पुढच्या रविवारी दहाच्या सुमारास आम्ही तिघं लिफ्टनं खाली गेलो. तनुजानं तीच जुनी चादर अंथरली, खाटप्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत गाडीच्या डाव्या अंगाला बसवलं आणि हत्यारांची पेटी त्यांच्या पायांशी ठेवली. खाटप्यांनी डाव्या हातानं पेटी उघडली. एकेक हत्यार काढून चादरीवर ठेवायला लागले. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लागायला पंधरा मिनिटं गेली. तनुजानं मदत केली नाही. ती नुसती उकिडवी बसून बघत होती.

सुरुवात छान झाली. बाजूचं कव्हर काढायचं होतं. त्याचा एक स्क्रू तनुजानं काढला, तरी कव्हर हलेना, कारण आतल्या बाजूला ते दोन रबरांत घट्ट बसलेलं होतं. खाटप्यांनी डावी मूठ करून हवेतच खालून हलकेच ठोकल्यासारखं दाखवलं. तनुजानं तसं केलं. एक कोपरा सुटला. ती दुसरा कोपरा ओढायला गेली तेव्हा मागून आवाज आला, "हळू."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हा शब्द चित्रांमधला नव्हता. कव्हर हातात आल्यावर ते तनुजानं खाटप्यांच्या मांडीवर असं ठेवलं की जणू बक्षीसच. ते हसले. उतरलेल्या ओठामुळं ते हसू वाकडं होतं, पण हसूच होतं.

मग पेट्रोलची नळी. नळीच्या टोकाला तारेची एक कडी असते, तिचे दोन कान पकडीनं दाबले की कडी सैल होते आणि मागं सरकवता येते. कान दाबायचे हे तनुजाला कळलं, पण पकड सटकत होती. दोनदा सटकली, तिसऱ्यांदा तिच्या बोटाला चिमटा बसला. खाटपे अस्वस्थ झाले. त्यांनी डावा हात पुढं केला, तिनं पकड दिली. ते खुर्चीतून वाकले, पकड कडीपर्यंत नेली, पण दाबताना पकड निसटून चादरीवर पडली. ती कुणी लगेच उचलली नाही. शेवटी तनुजानंच उचलली आणि चौथ्या प्रयत्नात कडी सरकवली. नळी आता वाळून लाकडासारखी कडक झाली होती. खाटप्यांनी मनगट फिरवून दाखवलं, म्हणजे आधी पिळायची, मग ओढायची. नळी सुटली. थोडं पेट्रोल तिच्या बांगड्यांवर सांडलं. मी म्हटलं, अगं तुला तर येतंय सगळं. खाटपे मान डोलावत होते.

तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण अशा वेळी थांबावंसं वाटत नाही.

टाकी उचलायची तर टाकीखालचं काळं प्लॅस्टिक आधी काढायला हवं होतं. ते तीन गोल क्लिपांनी बसवलेलं होतं. नखाएवढी क्लिप आणि तिच्या मध्यभागी टिकलीएवढी एक पिन. तनुजाला ती दिसावी म्हणून मी जवळजवळ जमिनीवर बसून मोबाइलची बॅटरी धरली होती. तनुजा टाकीखाली मान घालून बसली होती, तिला फक्त क्लिप दिसत होती. मला क्लिप दिसत होती आणि मान वळवली की खाटपेही दिसत होते.

तनुजानं विचारलं, "अहो, ही कशी काढायची?"

खाटप्यांनी तोंड उघडलं. शब्द गोळा करताना त्यांच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, तशा झाल्या. मग स्पष्ट आवाजात म्हणाले, "ओढ."

एवढा स्वच्छ शब्द सात महिन्यांत त्यांनी उच्चारला नव्हता. तनुजानं हरखून बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला, पिनेच्या कडेला टेकवला आणि पिन उचकटायला लागली. पिन हलेना. खाटपे म्हणाले, "ओढ, ओढ." आवाज चढला होता. मी वळून बघितलं. त्यांचा डावा अंगठा त्यांच्याच गुडघ्यावर रुतला होता. ते गुडघा दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. मला वाटलं पाय दुखतोय. नाहीतर ताण आलाय. तनुजानं विचारलं, जोरात ओढू का. ते ओरडलेच, "ओढ!" आणि अंगठा दाबतच राहिले.

तिनं सगळा जोर लावला. कट् असा आवाज झाला. क्लिपचा तुकडा उडून माझ्या हातावर बसला आणि क्लिप ज्याच्या भोकात बसली होती तो प्लॅस्टिकचा कानही मुळापासून तुटून आला.

तनुजा मागं वळली. खाटप्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मान जोरजोरात हलवत होते. तिला वाटलं ते तिच्यावर चिडलेत. तिच्या बोटाला लागलेलं होतं, गुडघे भरून आले होते. ती म्हणाली, "तुम्ही ओढ म्हणालात, म्हणून ओढलं ना मी."

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आलं ते "तेच". पुन्हा उघडलं, पुन्हा "तेच". मग त्यांनी डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तनुजानं मनगट धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

आवाज ऐकून संतोष खाली आला. तो भला माणूस आहे. त्याच्या गाडीच्या क्लिपा गेली दहा वर्षं खाटप्यांनीच काढून दिलेल्या. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, ही ओढायची नसते हो. मधली पिन आत दाबायची, की सगळी क्लिप सुटते." त्यानं आपल्या गाडीच्या किल्लीचं टोक दुसऱ्या क्लिपच्या पिनेवर टेकवलं, दाबलं, टक् वाजलं आणि क्लिप त्याच्या हातात आली. तीन सेकंद लागले असतील. मग खाटप्यांना बरं वाटावं म्हणून ती क्लिप त्यानं त्यांच्या तळहातावर ठेवली. चुकून उजव्या. तो हात मिटत नाही. क्लिप घरंगळली आणि शेजारच्या मोटारीखाली गेली. संतोष ती शोधायला पालथा पडला. बराच वेळ पालथाच राहिला, कारण उठून कुणाकडे बघायचं हे त्यालाही कळत नसावं.

खाटप्यांनी लिफ्टकडे बोट दाखवलं. आम्ही त्यांना वर नेलं. गाडी उघडीच राहिली, तिच्यावर तनुजानं चादर टाकली.

त्यानंतर बारा-तेरा दिवस खाटपे कुणालाच काही म्हणाले नाहीत, तेच सुद्धा नाही. प्रियदर्शनी आली की भिंतीकडे तोंड करून पडायचे. आरतीला उठून बसायचे, पण ओठ मिटलेले. तनुजाला ते सगळ्यात जास्त लागलं. एका दुपारी शाळेतून आल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी चहा टाकला आणि जे इतके दिवस गिळून ठेवलं होतं ते सांगून टाकलं. म्हटलं, "तनुजा, ते अंगठ्यानं गुडघा दाबून दाखवत होते. मला दिसत होतं. मला वाटलं पाय दुखतोय."

तिनं स्वतःचा अंगठा गुडघ्यावर दाबून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे तोंडानं ओढ आणि हातानं दाब."

"हो."

"आणि मी तोंडाकडे बघत नव्हते नि हाताकडेही नाही. मी क्लिपकडे बघत होते."

यात तिची काहीच चूक नव्हती, आणि माझी होती, असं मी म्हणणार होते. पण तसं म्हणून कुणाचं काय हलकं होणार होतं? मी चहात साखर घातली.

प्रियदर्शनीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, असं होतं. वर-खाली, उघड-बंद, ओढ-दाब हे शब्द डोक्यात शेजारी शेजारी असतात, एक काढायला जावं तर दुसरा हाती लागतो. तनुजाला आशेचा किरण दिसला. तिनं विचारलं, मग ते जे म्हणतील त्याच्या उलट समजायचं का. प्रियदर्शनीनं मान हलवली. म्हणाली, तेही चालणार नाही. पुढच्या वेळी बरोबरच शब्द येईल, कदाचित तिसराच कुठला येईल, आधी कळायला मार्ग नाही. हळू म्हणाले होते ना, तेव्हा हळूच म्हणायचं होतं त्यांना.

त्या आठवड्याच्या शेवटी तनुजानं तुटलेली क्लिप रुमालात बांधली आणि मला म्हणाली, चला. आम्ही बसनं स्वारगेटला गेलो आणि तिथून रिक्षानं नाना पेठेत. दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं तिथं ओळीनं आहेत. पहिल्या दोन दुकानांत गाडीचं मॉडेल विचारलं, साल विचारलं, भागाचा नंबर विचारला आणि तिला सांगता येईना म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. तिसरं दुकान कादरभाईंचं. साठीचे, पांढरी दाढी, चष्मा कपाळावर. त्यांनी रुमालातला तुकडा उलटसुलट केला आणि दोन डबे समोर ठेवले.

"बघा बाई, दोन जाती येतात. एकीची मधली पिन दाबायची, दुसरीची उचलून ओढायची. बाहेरून सारख्याच दिसतात. आमची कामाची माणसंसुद्धा फसतात. ही तुमची दाबायची होती, ओढलेली दिसतेय."

तनुजा म्हणाली, "मला शिकवाल का?"

कादरभाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. गाडी कुणाची, घरी कुणी पुरुष माणूस नाही का, असलं काही विचारलं नाही. कोपऱ्यातलं एक फुटकं कव्हर काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं, त्यात दोन्ही जातीच्या क्लिपा बसवल्या आणि स्टूल पुढं केलं. तनुजा अर्धा तास बसली होती. दाबून काढायची, पुन्हा लावायची. उचलून काढायची, पुन्हा लावायची. गिऱ्हाइकं तिच्या डोक्यावरून सामान मागत होती. निघताना कादरभाईंनी एक गोष्ट सांगितली, की तुटलेला कान मात्र वेगळा मिळत नाही, त्याला अख्खं प्लॅस्टिक घ्यावं लागतं आणि या मॉडेलचं आता येत नाही.

घरी आल्यावर तिनं जेवणाच्या टेबलावर दोन क्लिपा ठेवल्या. खाटप्यांच्या समोर एक दाबून उघडली. ते बघत राहिले. मग त्यांनी दुसरी ओढून घेतली, टेबलाच्या कडेशी टेकवली आणि डाव्या अंगठ्यानं दाबली. टक्. लावली, पुन्हा दाबली. हे मला तनुजानं सांगितलं. ती म्हणाली, पोळी गार झाली तरी ते थांबेनात. आणि मधेच तिच्याकडे बघून म्हणाले, "ओढ." त्यांनाच हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

चैत्रातल्या एका रविवारी ते स्वतःच सकाळी दाराशी जाऊन उभे राहिले. तनुजा समजली. मला बोलावलं, आम्ही पुन्हा खाली. या वेळी तिनं एकही प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं होतं. तिनं खुर्ची गाडीच्या इतकी जवळ लावली की त्यांचा डावा हात तिच्या हातावर ठेवता येईल. तिसरी क्लिप अजून जागेवर होती. तिनं अंगठा पिनेवर ठेवला, त्यांनी आपला अंगठा तिच्या अंगठ्यावर ठेवून दाबला. क्लिप सुटली. काळं प्लॅस्टिक बाहेर आलं. मी बॅटरी धरून होते आणि या वेळी मी क्लिपकडे बघितलंच नाही, फक्त माणसांकडे बघत होते.

पण टाकी एका बोल्टनं धरलेली होती आणि आठ-नऊ महिन्यांत तो गंजून बसला होता. पाना लावला, दोघांनी मिळून जोर केला. बोल्ट हलेना. तेल सोडून वाट पाहिली, पुन्हा जोर केला. पाना सटकला आणि बोल्टाच्या कडा किंचित घासल्या गेल्या. तनुजा पुन्हा पाना लावायला गेली तेव्हा खाटप्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. ती थांबली. त्यांनी पाना तिच्या हातातून काढून घेतला, पुसला आणि चादरीवर त्याच्या जागी ठेवला. तिथं उजव्या हाताचा जोर हवा होता आणि कडा आणखी घासल्या असत्या तर तो बोल्ट कधीच निघाला नसता. आयुष्यभर हे काम केलेल्या माणसाला ते कळत होतं. तिलाही कळलं.

तिनं विचारायचं नाही ठरवलं होतं तरी विचारलं, "बंद करायची?"

"हो," ते म्हणाले.

तिला खात्री वाटेना. तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी मान डोलावली आणि काळ्या प्लॅस्टिककडे बोट केलं. मग दोघांनी मिळून सगळं परत बसवलं. नळी, तारेची कडी, बाजूचं कव्हर. नव्या क्लिपा लावल्या. तुटलेल्या कानाच्या जागी क्लिप लागणारच नव्हती, तिथं तनुजानं तार गुंडाळली. सगळं आवरायला साडेबारा वाजले. गाडी होती तशीच बंद राहिली. संतोष म्हणाला, मी मेकॅनिकला टेम्पो घेऊन बोलावतो. खाटप्यांनी नकार दिला, आणि तो नकार मान हलवून इतका ठाम दिला की पुन्हा कुणी विषय काढला नाही.

त्याला आता पाच महिने झाले. खाटपे काठी घेऊन सोसायटीच्या फाटकापर्यंत जातात. कारखान्यानं त्यांचा निरोप समारंभ घरी येऊन केला, शाल दिली, सहकारी बोलले, खाटप्यांनी सगळ्यांशी डावा हात मिळवला. आरती पुन्हा म्हणतात. शब्द आता चाळीसेक आहेत असं प्रियदर्शनी सांगते, पण चाळीस म्हणजे काय, हे त्यांच्यासमोर बसल्याशिवाय कळत नाही.

तनुजा शाळेत असते तेव्हा दुपारी तासभर मी त्यांच्यापाशी बसते. मागच्या मंगळवारी त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं. आधी म्हणाले, "सकाळी." मग मान हलवली, ते नव्हतं. मी विचारलं, संध्याकाळी? नाही. कुणी येणार आहे? नाही. तनुजाचं काही? थोडं थांबले, मग नाही. दवाखाना? स्वराली? गाव? बोटानं खिडकीकडे दाखवलं, मी खिडकी उघडली, तेही नव्हतं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, डोळ्यांकडे बघत होते, बघायचं काही सोडलं नव्हतं. हात मांडीवर स्थिर होता. चाळीस मिनिटं आम्ही दोघं झटत होतो. शेवटी त्यांनीच माझ्या हातावर दोनदा थोपटलं, राहू दे अशा अर्थानं, आणि कपाकडे बोट दाखवलं. मी चहा केला. तनुजा आल्यावर तिला सांगितलं, तिनं तिच्या परीनं विचारून पाहिलं. तोवर ते विसरले होते, किंवा त्यांनी सोडून दिलं होतं. ते काय होतं, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.